गायतोंडेंची शाई : रंग काढून घेतल्यावर काय उरतं?

सहामाही प्रगती अहवालाच्या सादरीकरणात मला एक प्रश्न विचारला गेला. मी तिसऱ्या प्रकरणाचा आराखडा मांडत होते. विषय होता वासुदेव गायतोंडे यांची १९८० च्या दशकाच्या मध्यातली शाईची रेखाटनं. समितीतले एक सर म्हणाले, "अपघातानंतर मोठं काम जमत नव्हतं म्हणून केलेलं काम आहे ना हे? त्यावर अख्खं प्रकरण कशाला?" मी काहीतरी बोलले, पण ते उत्तर नव्हतं. घरी येताना बसमध्ये नीट उत्तर सुचलं, जसं नेहमी सुचतं. ही पोस्ट म्हणजे ते उत्तर. आराखड्याचं पुढं काय होतं ते यावर अवलंबून आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

नवीन वाचकांसाठी दोन ओळी. माझा विषय रंगासाठी ओळखल्या जाणाऱ्या मराठी चित्रकारांच्या कामातली रेषा हा आहे. म्हणजे ज्यांच्याबद्दल आपण "काय रंग लावतो बुवा" असं म्हणतो, ते रंग बाजूला ठेवून नुसती काळी रेघ काढतात तेव्हा काय होतं, हे मी बघतेय. खडूरंगात आयुष्य घालवलेल्या माणसाचं शाईचं एखादं चित्र समोर आलं की आपण त्याकडे साइड बिझनेस असल्यासारखं बघतो. तैलरंगवाल्याच्या बाबतीतही तेच. गायतोंडे हे यातलं सगळ्यात मोठं उदाहरण.

त्यांची माहिती तुम्हाला असेलच. जन्म नागपूरचा, २ नोव्हेंबर १९२४. घराणं गोव्याचं, वाढले मुंबईत गिरगावात. १९४८ साली जे. जे. मधून पदविका. तिथं शंकर पळशीकर त्यांना भेटले, आणि पळशीकर आमच्या विदर्भातले, साकोलीचे. (आम्हा वैदर्भीयांना हे सांगायची एक खोड असते, तेवढी चालवून घ्या.) १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१ ला पद्मश्री, १९७२ पासून दिल्लीत निजामुद्दीनला मुक्काम. वर्षाला मोजके पाच-सहा कॅनव्हास. २००१ साली गेले. त्यानंतर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात मोठं प्रदर्शन आणि लिलावात कोटींचे आकडे. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत त्यांचं १९७९ चं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं, तेव्हा ज्यांनी आयुष्यात चित्र पाहिलं नाही अशांनाही त्यांचं नाव कळलं.

घाटंजीच्या काकांनाही तेव्हाच कळलं. पेपरात फोटो बघून त्यांनी फोन केला होता. मी तेव्हा पदवीला होते.

अपघाताची हकीकत अशी. १९८४ साली दिल्लीत रस्त्यानं चालताना ऑटोरिक्षाची धडक बसली. मानेचं दुखणं मागं लागलं. मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहून रूळ फिरवणं, सुरीनं रंग खरवडणं जमेना. पुढची दोन-तीन वर्षं ते कागदावर, छोट्या आकारात, शाईनं काम करत राहिले. मग पुन्हा कॅनव्हासकडे गेले. इथवर सगळे सांगतात ते बरोबर आहे. गडबड होते ती यातून काढलेल्या निष्कर्षात. शरीर अडलं म्हणून माध्यम बदललं, म्हणून काम दुय्यम, हे गणित कुणी कधी तपासलंय का?

एडगर दगाचं उदाहरण घ्या. डोळे अधू होत गेले तसा तो तैलरंगापेक्षा पेस्टलकडे जास्त झुकला. त्याच्या नर्तकी आणि न्हाणाऱ्या बायका आज पेस्टलमधल्या म्हणूनच ओळखल्या जातात, आणि त्याला कुणी "अधू डोळ्यांचं काम" म्हणून कोपऱ्यात सारत नाही. मातिस १९४१ च्या शस्त्रक्रियेनंतर खुर्चीला आणि पलंगाला खिळला आणि कात्रीनं रंगीत कागद कापू लागला. ते त्याचं शेवटचं मोठं पर्व मानलं जातं. पाउल क्लेचं तर आणखी जवळचं. गायतोंडे तरुणपणी ज्याच्याकडून सगळ्यात जास्त शिकले, तो हाच क्ले. १९३५ नंतर कातडी आखडत जाणाऱ्या आजारानं त्याला गाठलं. रेघ जाड झाली, साधी झाली, आणि १९३९ या एका वर्षात त्यानं बाराशेहून जास्त कामं केली. त्यातली देवदूतांची रेखाटनं म्हणजे नुसती रेघ आहे.

मग गायतोंडेंनाच वेगळा न्याय का? माझा अंदाज सांगते. पेस्टलला रंग आहे, मातिसच्या कागदाला रंग आहे. शाई काळी. कागद छोटा. भिंतीवर लावलं तर दुरून काही दिसत नाही. आणि आपल्याकडे, हे मान्य करायला लागेल, शाईचं चित्र म्हणजे दिवाळी अंकातल्या कथेवरचं चित्र. आपल्याकडे दलालांपासून द. ग. गोडश्यांपर्यंत शाईची एवढी थोर परंपरा असून ती आपण "सजावट" या खात्यात टाकली. त्याच खात्यात गायतोंडेंची शाईही जाऊन पडली.

पण हा झाला न्यायाचा मुद्दा. सरांना त्यानं काही फरक पडला नसता. ते म्हणाले असते, दगाचे पेस्टल चांगलेच आहेत, म्हणून महत्त्वाचे. याची रेखाटनं चांगली आहेत का ते सांग.

तर ते बघू.

मी शाईचं मूळ पान पाहिलं ते मुंबईत, एका लिलावाआधीच्या प्रदर्शनात. धामणगावहून रात्रीची गाडी, सकाळी दादर, आणि दुपारपर्यंत त्या एका पानासमोर. त्याआधी दोन वर्षं मी पुस्तकातल्या आणि स्क्रीनवरच्या प्रतींवर टिपणं काढत होते. ती सगळी टिपणं त्या दुपारी जवळजवळ बाद झाली. यवतमाळात बसून चित्रकलेवर संशोधन करण्यात हा एक कायमचा घोळ आहे. आपण छापील काळा बघतो. शाईचा काळा एकसारखा नसतो.

हे कसं वाचायचं ते थोडं सांगते, कारण माझ्या पद्धतीचा सगळा भार यावरच आहे. हात जिथं थांबतो तिथं शाई साचते. वाळल्यावर त्या टोकाला गडद कड राहते. हात वेगात असेल तर शेवटी फटकारा कोरडा पडतो, कागदाचा खरखरीतपणा मधून दिसतो. एका रेघेवरून दुसरी गेली असेल तर तिढ्यावर काळा दुप्पट होतो, आणि पहिली ओली असतानाच दुसरी गेली असेल तर कड फुटते. एवढ्या खुणांवरून कुठली रेघ कुठून कुठं गेली, कुठं हात थबकला, कुठली आधी कुठली नंतर, हे बऱ्यापैकी लावता येतं. तैलचित्रात हे शक्य नसतं, निदान गायतोंडेंच्या तैलचित्रात तर नाहीच. ते रंग रुळानं थरावर थर चढवत, सुरीनं काढत, रंग लावलेले कागदाचे तुकडे कॅनव्हासवर ठेवून उचलून घेत. खालचं वर येई, वरचं खाली जाई. निर्णय कुठं झाला याचा माग तिथं पुसलेला असतो. आणि मागच पुसलेला असला की समीक्षकाला मोकळं रान मिळतं. मग "ध्यान", "मौन", "शून्य" हे शब्द येतात. मीही वापरलेत, पहिल्या वर्षीच्या निबंधात. आता वाचवत नाहीत.

त्या पानावर काय होतं? वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा कागद. काळे, आखूड, जाडसर फटकारे. काही आकड्यासारखे वळलेले, काही नुसते दाबलेले, एक-दोन आडवे. सगळे मिळून पानाच्या मध्याजवळून वरून खाली उतरणारी एक ओळ धरतात, पण ती ओळ कुठंही काढलेली नाही. दोन्ही बाजूंना भरपूर कोरा कागद. बस.

पहिल्यांदा बघताना वाटतं की हे झटक्यात केलंय. झेनचा एक श्वास, एक फटकारा वगैरे. (हेरिगेलचं धनुर्विद्येवरचं पुस्तक गायतोंडेंना प्रिय होतं, त्यामुळे ही तुलना सगळ्यांच्या हाताशीच असते.) पण टोकं बघा. जवळजवळ प्रत्येक फटकाऱ्याच्या शेवटी शाई साचलेली आहे. कोरडं टोक मला फार थोड्या ठिकाणी दिसलं. म्हणजे हात सुसाट गेलेला नाही. तो प्रत्येक वेळी थांबला आहे, दाबला गेला आहे, मग उचलला आहे. आणि एकावर एक गेलेल्या ठिकाणी कड फुटलेली नाही. पहिली रेघ वाळल्यावर दुसरी आली. दोन फटकाऱ्यांच्या मध्ये वेळ गेलाय. किती ते सांगता येत नाही, पण शाई वाळण्याइतका नक्की.

मला ही गोष्ट फार मोठी वाटते. तैलरंगात त्यांच्याकडे चूक मागं घ्यायची सोय होती. खरवडा, पुसा, वर चढवा. शाईत ती नव्हती. तरी कामाची चाल तीच राहिली. ठेवा, थांबा, बघा, पुढचं ठेवा. माध्यम बदललं, आकार बदलला, सगळी मुरलेली तंत्रं निरुपयोगी झाली, आणि राहिलं ते फक्त "कुठं ठेवायचं" हे ठरवणं.

आता यावरून मागं जा आणि सत्तरच्या दशकातले त्यांचे कॅनव्हास आठवा. रंगाच्या झिरपत्या पडद्यावर मध्यभागी, वरून खाली, लिपीसारखे छोटे आकार उतरत गेलेले. आपण त्या पडद्यावर इतके भाळतो की ते आकार म्हणजे रंगात तरंगणारं काहीतरी असं लिहून मोकळे होतो. शाईची पानं बघितल्यावर मला उलटं वाटायला लागलं. चित्र उभं आहे ते त्या आकारांच्या जागांवर. रंग त्यांच्याभोवती आलाय. पडदा काढून घेतला तरी मांडणी पडत नाही, हे शाईनं दाखवून दिलं. माझ्या तिसऱ्या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे. या पानांवर अपघाताच्या आधीची चित्रं नव्यानं वाचता येतात, आणि म्हणून त्यांना "मधला काळ" म्हणून ओलांडून जाणं चुकीचं आहे. त्यात शाई त्यांना नवीनही नव्हती. कागदावर शाई आणि जलरंग ते पन्नासच्या दशकापासून वापरत होते.

इथं शाळेतली एक गोष्ट आठवते. एलिमेंटरीच्या परीक्षेच्या तयारीला आमच्या चित्रकलेच्या बाई ऑइल पेस्टल वापरायला लावायच्या. पोरांना ते आवडायचं. माणसाचा हात बिघडला? वरून गडद खडू घासा, बोटानं पसरवा, सावलीत गेला. स्मरणचित्रातल्या बाजारात आमच्या सगळ्यांच्या माणसांचे हात सावलीत असायचे. इंटरमिजिएटच्या वर्षी बाईंनी एक दिवस खडू काढून घेतले आणि शाईची दौत आणि बोरू दिला. वर्गात रडारड व्हायची बाकी होती. पेस्टल येणं आणि चित्र येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या दिवशी कळलं, अर्थात तेव्हा मी त्याला बाईंचा छळ म्हणत होते.

बोरूवरून मोडीवर येते, कारण गायतोंडेंच्या या पानांबद्दल मराठीत हमखास ऐकू येणारी प्रतिक्रिया म्हणजे "मोडीसारखं दिसतं". माझ्या आजोबांच्या पेटीत शेताचे जुने मोडी कागद होते. मी ते शेजारी ठेवून पाहिले. मोडीची सगळी ओळख न उचलण्यात आहे. आधी पानभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात शक्यतो न उचलता पळवत न्यायचा. अक्षरं एकमेकांत वाहतात, कारण लिहिणाऱ्याला घाई आहे. गायतोंडेंच्या पानावर नेमकी याच्या उलट गोष्ट आहे. प्रत्येक खूण सुटी. प्रत्येक वेळी हात उचललेला. आडवी रेघ नाही, आहे ती न काढलेली उभी. घाई तर नाहीच. तेव्हा मोडी नव्हे. लिपीसारखं दिसणारी प्रत्येक गोष्ट लिपीतून आलेली नसते, एवढं बोलून मी हा मुद्दा सोडते.

पण या मुद्द्याची एक उलटी बाजू आहे आणि ती लपवली तर सरांना दिलेलं उत्तर अप्रामाणिक होईल. सगळी पानं चांगली नाहीत. प्रतींवरून बोलते आहे, म्हणून जपून बोलते, पण काही पानांत खुणा फारच लिपीसारख्या होतात. आकड्याला आकडा, वळणाला वळण. बघणारा मग वाचायला लागतो, "इथं काहीतरी गूढ लिहिलंय" असं त्याला वाटतं, आणि त्या गूढात मांडणीचा ताण सैल पडतो. जिथं खूण अक्षराच्या जवळ जाऊन थांबते तिथं चित्र जमतं. जिथं ती अक्षराची नक्कल करते तिथं ते शोभेचं होतं. कागद छोटा असल्यामुळे हे आणखी उघडं पडतं. कॅनव्हासवर अशा सैल जागा रंग सांभाळून घेतो, आमच्या बाजारातल्या माणसांच्या हातांसारख्या. शाईत सांभाळून घ्यायला कुणी नसतं. मला वाटतं, या पानांचा दर्जा वरखाली आहे हेच त्यांच्यावर प्रकरण लिहिण्याचं कारण आहे. कॅनव्हासमध्ये गायतोंडे कधी चुकले हे शोधणं महाकठीण, कारण पटलं नाही ते पुसलं गेलं किंवा बाहेरच आलं नाही. इथं ते चुकताना दिसतात.

अजून एक व्यवहाराची गोष्ट. "मूळ" हा शब्द. शाईच्या चित्राबाबत हा शब्द तैलचित्रापेक्षा जास्त निसरडा आहे. काळं-पांढरं असल्यानं त्याची प्रत काढणं सोपं, आणि आजचा चांगला छपाईयंत्राचा कागद काचेमागं ठेवला तर भलेभले फसतील. वर सांगितलेल्या खुणा, म्हणजे साचलेलं टोक, कोरडं टोक, तिढ्यावरचा दुप्पट काळा, या अस्सलपणा तपासायलाही कामाला येतात. छापील प्रतीत तिढ्यावरचा काळा बाकी काळ्यासारखाच असतो. तिरप्या उजेडात शाई कागदात मुरलेली दिसते, छपाई वर बसलेली. अर्थात, कुणी हातानंच शाईनं नक्कल केली असेल तर एवढ्यानं भागत नाही. तिथं नक्कल करणाऱ्याचा हात कुठं अडखळतो ते बघावं लागतं, आणि त्यासाठी बरीच मूळ पानं डोळ्यांखालून जावी लागतात. मी एक पाहिलंय. तेव्हा याबाबत माझा सल्ला कुणी घेऊ नये.

मी घरी एक प्रयोग केला होता तोही सांगते. त्या पानाची आठवणीतून आणि छापील प्रतीवरून कार्ट्रिज कागदावर, शाईनं, त्याच क्रमानं पुनर्रचना. एकूण अकरा वेळा. आकार जमत होते. फटकाऱ्याची जाडीही सातव्या-आठव्या वेळी जमली. जमत नव्हती ती जागा. एखादी खूण तीळभर उजवीकडे सरकली की ती न काढलेली उभी ओळ तुटायची आणि पान नुसतं खुणांचं व्हायचं. अकराव्या पानावर मी नाद सोडला. ही पानं पुराव्यात धरता येणार नाहीत हे मला माहीत आहे, पण परिशिष्टात लावायचा विचार आहे. गाइड मॅडम "बघू" म्हणाल्यात.

दिवाळीत काका घरी आले होते. टेबलावर ती अकरा पानं पसरलेली आणि शेजारी छापील प्रत. त्यांनी आपलं नेहमीचं काढलंच, "एवढ्याशा रेघोट्याईचे एवढे पैसे काहून वं पोरी?" मी म्हटलं, काका, शाईच्या पानाला तेवढे मिळत नाहीत, ते रंगाच्या चित्राला. "मंग त बरोबर आहे," म्हणाले, आणि चहा घेत बसले. कापसाचा भाव, पाऊस, वणीच्या बहिणीचं लग्न, सगळं बोलून झालं. निघताना पुन्हा टेबलापाशी थांबले. अकरा पानं आणि छापील प्रत यांवरून दोनदा नजर फिरवली आणि छापील प्रतीवर बोट ठेवलं. "हे त्याचं. बाकीचे तुहे." कशावरून ओळखलं म्हटलं, कारण आकाराला आणि कागदाला मी बरंच सारखं केलं होतं. ते म्हणाले, "याच्यात मधात तास सरळ हाय."

तास म्हणजे नांगराची किंवा पेरणीची ओळ, शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पेरताना तास वाकडा गेला की डवरणीला त्रास होतो, म्हणून काकांची नजर तिथंच जाते.

आराखड्याचा सुधारित मसुदा पुढच्या महिन्यात द्यायचा आहे. पळशीकरांच्या रेषेवरची पोस्ट त्यानंतर. तोवर कुणाला नागपुरात किंवा अमरावतीत कुठल्याही चित्रकाराची शाईची मूळ पानं बघायला मिळतील अशी जागा माहीत असेल तर कळवा, तिरप्या उजेडाला मी टॉर्च घेऊन येईन.